झंस्करच्या मोहिमेची तयारी कृष्णा-कोयनेच्या पाण्यात करता येईल का?

प्रीतिसंगम (कराड)

सर्वांना नमस्कार. मी कराडचा राहणारा असून माझे वय ३६ वर्षे आहे. पोहायला शिकलो ते प्रीतिसंगमावर, पाठीला रिकामा डबा बांधून. त्यामुळे पाण्याची भीती अशी कधी वाटली नाही. गेली तीन वर्षे पावसाळ्यात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग करतो आणि ऋषिकेशला गंगेवर दोनदा जाऊन आलो आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही कौडियालापासून खाली आलो. ‘द वॉल’ या खळाळात आमचा राफ्ट उलटला आणि मी साधारण अर्ध्या मिनिटानंतर सुरक्षा-कयाकच्या (कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी) टोकाला हात घालू शकलो. तो अनुभव वाईट होता असे मला म्हणवत नाही, पण तो पुन्हा पुन्हा आठवतो हे खरे.

आता आमच्या चौघांच्या गटाने पुढच्या ऑगस्टमध्ये लडाखमधील झंस्कर नदीवर पदुमपासून निम्मूपर्यंत जाण्याचा विचार केला आहे. मोहीम एका व्यावसायिक संस्थेबरोबर असेल, परंतु आमच्यापैकी दोघांना (त्यांत मीही आलो) राफ्टऐवजी स्वतंत्र कयाकमधून जाण्याची इच्छा आहे. कयाक आम्ही आजवर फक्त साचलेल्या पाण्यात चालवली आहे. गटातील एका मित्राचे म्हणणे असे, की जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेचे दरवाजे उघडले की कराडपासून खाली बह्यापर्यंत कृष्णेला भरपूर वेग असतो, तेव्हा भाड्याचा राफ्ट आणून तिथेच सराव करावा. उगाच उत्तराखंडच्या खेपा कशाला? मला हे पटतही नाही आणि का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. घरातून विरोध आहे तो वेगळाच. थोरले बंधू २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यात मदतीला गेले होते; तेव्हापासून होडीचे नाव काढले तरी ते उठून बाहेर जातात.

झंस्कर आमच्या आवाक्यातली आहे का, कयाकचा हट्ट धरावा की सोडावा आणि घराजवळच्या पाण्यात नेमका किती सराव होऊ शकतो, याबद्दल जाणकारांनी स्पष्ट लिहावे. परखड लिहिले तरी चालेल.

वारणाकाठ (सांगली)

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. राफ्टिंग मी कधी केले नाही आणि या वयात करणारही नाही, त्यामुळे झंस्करविषयी मी काही बोलणार नाही. पण आपल्या मित्राच्या योजनेविषयी बोलणे मला भाग आहे.

कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून दोन्ही जनित्रे चालू असताना २१०० क्युसेक पाणी सुटते, हे आपण वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात वाचत असाल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे हे सेकंदाला जवळजवळ ५९ टन पाणी झाले. दरवाजे उचलल्यावर हाच आकडा ५० हजारांच्या घरात गेला, तर सेकंदाला १४०० टनांहून अधिक पाणी आपल्या अंगावरून जाणार. त्यात वेण्णा, उरमोडी, तारळीचे पाणी कृष्णेतून येऊन मिळते ते निराळेच. आपल्या मित्राला या पाण्यात वेग दिसतो, आणि वेग आहेही. पण डोंगरातल्या नदीचा खळाळ आणि सपाटीवरचा पूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोंगरात कातळामागे आडोशाचे शांत पाणी सापडते, तिथे होडी थांबवता येते, काठाला लागता येते, पुढचे पाहता येते. पुरात काठच राहत नाही. पाणी मळईतल्या उसात, बाभळींच्या फांद्यांत आणि तारांच्या कुंपणांत शिरलेले असते. पाणी फांद्यांतून निघून जाते आणि माणूस तिथे अडकून राहतो. गाळणीत चहाचा चोथा राहतो तसा. शिवाय काठावरच्या मोटारींच्या केबली, पाइप आणि फूटव्हॉल्व्हचे दोर पाण्याखाली कुठे गेलेले आहेत, हे त्या मोटारींच्या मालकालाही त्या दिवशी ठाऊक नसते.

याहूनही मोठा धोका बंधाऱ्यांचा आहे, आणि तो पूर नसतानाही असतो. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवण्याच्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढतात, तेव्हा मधले खांब उभेच असतात आणि वाहून आलेली झाडे त्या खांबांत अडकतात. खोडशीसारख्या जुन्या, सलग भिंतीच्या बंधाऱ्यावरून पाणी संपूर्ण रुंदीभर एकसारखे पडते. ते तळाशी जाऊन आपटते, थोडे पुढे जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे मागे वळते. जे काही तिथे पडेल ते भिंतीकडे ओढले जाते, दाबले जाते, वर येते आणि पुन्हा ओढले जाते. नैसर्गिक खडकाखाली असा भोवरा तयार झाला तरी त्याला कुठेतरी बाजूने फट असते. माणसाने बांधलेली भिंत मात्र सरळ आणि सारखी असल्यामुळे ती फट ठेवत नाही, आणि दोन्ही टोकांना पुन्हा भिंतीच असतात. त्या पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो, म्हणून लाइफ जॅकेटसुद्धा नेहमीइतके उचलून धरत नाही. आणि वरच्या बाजूने होडीत बसून येणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही. त्याला फक्त एक आडवी, गुळगुळीत रेघ दिसते. चार फुटांचा बंधारा चाळीस फुटांच्या धबधब्यापेक्षा फसवा असतो, तो यामुळेच.

पूर ओसरल्यावर सराव करू म्हणाल, तर भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत, हे आपल्याला सांगायला नको. उन्हाळ्यात अंड्यांच्या आणि पिल्लांच्या दिवसांत मादी काठाजवळ कोणालाही येऊ देत नाही. उलटलेल्या कयाकखाली डोके ठेवून सराव करण्याची ती जागा नव्हे.

आपल्या थोरल्या बंधूंचे मौन मला समजते. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे बुडाली, ती काही हौसेने पाण्यात उतरलेली नव्हती. पुरातून सुटका करून घेण्यासाठी बसली होती. त्या पाण्यात आपण सरावासाठी उतरलात आणि अडकलात, तर आपल्याला काढायला जी बोट येईल ती कोणत्या तरी वेढलेल्या गावाची बोट असेल, एवढे मित्राला सांगा.

नेरकची वाट (मूळ सातारा, सध्या पुणे)

वारणाकाठ यांनी इतके नेमके लिहिले आहे की त्या विषयाला मी हात लावत नाही. मी झंस्करवर दोनदा गेलो आहे, दोन्ही वेळा राफ्टमधून.

झंस्करचे खळाळ केवळ श्रेणीने मोजाल तर तुम्ही ऋषिकेशला जे केले त्याहून फार कठीण नाहीत. नद्यांच्या काठिण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत एक ते सहा अशी आहे. त्यात झंस्करचा बराचसा भाग दोन-तीनमध्ये बसतो आणि काही ठिकाणी तो चारपर्यंत जातो. मग अडचण कुठे आहे? ‘द वॉल’मध्ये तुम्ही अर्धा मिनिट पाण्यात होता, आणि वर डांबरी रस्ता होता. झंस्करच्या घळीत दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत, पाणी बर्फाचे आहे, नदीची सुरुवातच साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, आणि ओले अंग वाळवायला ऊन मिळेल की नाही हे कड्याच्या सावलीवर ठरते. म्हणून अशा नदीवर प्रत्येक खळाळ एक पायरी वरचा मानून निर्णय घ्यायचा, असा अनुभवी लोकांचा शिरस्ता आहे. तीनला चार समजायचे आणि चारच्या वर शंका आली तर होडी खांद्यावर घेऊन काठाने चालायचे.

दोन गोष्टी आपल्याकडच्या माणसाला तिथे गेल्यावरच कळतात. आपली नदी पावसाने चढते. ती नदी उन्हाने चढते. दिवसभर हिमनद्या वितळतात आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून पहाटे सर्वांत कमी पाणी असते आणि दुपारनंतर किंवा रात्री, मुक्काम किती खाली आहे त्यानुसार, पातळी वाढते. पहिल्या मोहिमेत आम्ही राफ्ट वाळूवर ओढून ठेवले, तंबू लावले आणि जेवून झोपलो. रात्री कोणीतरी उठला तेव्हा एक राफ्ट पाण्यावर डुलत होता आणि केवळ एका दोराने अडकून राहिला होता. त्या राफ्टवर आमचे चार दिवसांचे धान्य होते. दुसरे म्हणजे ते पाणी राखाडी असते. दगडाचे पीठ झालेला गाळ त्यात असल्याने हातभर खालचा खडकही दिसत नाही, आणि पाणी वाचायचे ते केवळ पृष्ठभागाच्या आकारावरून. प्रवाहाच्या खालच्या दिशेला टोक असलेला गुळगुळीत त्रिकोण दिसला तर वाट, वरच्या दिशेला टोक असलेला दिसला तर खडक. हे ऋषिकेशला मार्गदर्शक तुमच्यासाठी वाचतो, म्हणून तुम्हाला ते येत नाही. वल्हे मारता येणे निराळे.

निम्मू–पदुम–दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेल्यापासून ती घळ पूर्वीइतकी तुटलेली राहिलेली नाही. अपघात झाल्यास बाहेर पडणे त्यामुळे सोपे झाले आहे. मला स्वतःला मात्र त्या कड्यांत मोटारीचा आवाज येईल ही कल्पना सहन होत नाही. असो, तो माझा प्रश्न.

चालत जाण्यात कमीपणा वाटतो, असे नवख्यांचे नेहमी होते. फेब्रुवारी २००२ मध्ये स्कॉट लिंडग्रेन यांच्या नेतृत्वाखाली सात कयाकपटू तिबेटमध्ये यार्लुंग त्सांगपोच्या वरच्या घळीत उतरले. त्या काळातले ते जगातले निवडक लोक होते, पाणी सर्वांत कमी असावे म्हणून त्यांनी मुद्दाम हिवाळा निवडला होता, आणि तरीही शेवटच्या धबधब्यांचा टप्पा त्यांनी पाण्यातून न करता डोंगर चढून ओलांडला. त्याच घळीत १९९३ आणि १९९८ मध्ये एकेक उत्तम कयाकपटू मृत्युमुखी पडला होता. ते या सातजणांना माहीत होते. एडमंड हिलरी यांची गंगेवरची १९७७ ची ‘सागरातून आकाशाकडे’ ही जेट बोटींची मोहीमसुद्धा नंदप्रयागजवळच्या धबधब्याने थांबवली, आणि पुढे ते पायीच गेले. एव्हरेस्ट चढलेल्या माणसाला जर तिथे होडी सोडता आली, तर आपल्याला हरकत नसावी.

माझा सल्ला असा, की पहिली लांब मोहीम नेपाळच्या सुनकोशीवर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये करा. दोलालघाटपासून चतरापर्यंत सुमारे २७० किलोमीटर, आठ-दहा दिवस, मावळलेला पावसाळा आणि झंस्करच्या मानाने पुष्कळ उबदार पाणी. खळाळ किरकोळ नाहीत, हरकापूरला तर काठावर उतरून पाहिल्याखेरीज कोणीही पुढे जात नाही. पण तिथे चूक केल्यावर हुडहुडी भरत नाही. त्यानंतर झंस्कर.

प्रीतिसंगम (कराड)

दोघांचेही मनापासून आभार. पुरातल्या सरावाचा विषय आजच मित्राशी बोलून बंद केला. तो थोडा रागावला, पण ‘वेढलेल्या गावाची बोट’ हे वाक्य वाचून गप्प बसला. कयाकचा मोह मात्र सुटत नाही. उलटल्यावर बाहेर न पडता पुन्हा सरळ होण्याचे जे कसब आहे, ज्याला रोल म्हणतात, ते शिकायला किती काळ लागतो? आणि ते इथे राहून शिकता येते का?

मेणवलीकर (वाई)

रोल इथे राहूनच शिकता येतो आणि तो तलावातच शिकावा. मी शिकले ती जलतरण तलावात, सकाळच्या तुकड्या संपल्यानंतरच्या एका तासात. व्यवस्थापक आधी कयाक आतच येऊ देईनात, कारण टोक लागून फरश्या फुटतील अशी त्यांना भीती होती. मग आम्ही दोन्ही टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूब गुंडाळून नेल्या आणि परवानगी मिळाली. मला सरळ होता येऊ लागले ते सहाव्या-सातव्या तासाला. सगळ्यांची पहिली चूक एकच असते: श्वास हवा म्हणून माणूस आधी डोके वर काढतो. रोल हाताच्या जोराने होत नाही, कंबरेच्या झटक्याने होतो. आधी कयाक फिरते, मग धड येते आणि डोके सर्वांत शेवटी. हे मनाला पटवणे हेच खरे शिक्षण आहे.

पण तलावातला रोल आणि नदीतला रोल यांत, घरच्या आरशासमोरचे भाषण आणि सभेतले भाषण यांत असतो तेवढा फरक आहे. दांडेलीला काळी नदीवर पहिल्यांदा उलटले, तेव्हा तीन प्रयत्न फसले आणि मी कंबरेभोवतीचे, कयाकचे तोंड झाकणारे आवरण ओढून बाहेर पडले. तलावात त्याच आठवड्यात मी वीसपैकी वीस वेळा सरळ झाले होते. तुम्ही थंड, राखाडी, न दिसणाऱ्या पाण्यात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी, न विचार करता सरळ होत असाल तेव्हाच झंस्करला कयाक न्या. नाहीतर होते असे, की सुरक्षेसाठी आलेले दोन कयाकपटू दिवसभर तुमच्याच मागे राहतात आणि राफ्टमधले सहाजण उलटले तर त्यांच्याकडे पाहायला कोणी उरत नाही. तुमच्या हौसेची किंमत इतरांनी मोजणे मला योग्य वाटत नाही. परखड लिहा म्हणालात म्हणून लिहिले.

माझ्या मते क्रम असा ठेवावा, की या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तलावातला रोल पक्का करावा, धोम किंवा कण्हेरच्या जलाशयात रीतसर परवानगी घेऊन लांब अंतर वल्हवण्याची सवय करावी आणि मग कुंडलिकेवर वाहते पाणी घ्यावे. तिथे मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून ठरलेल्या वेळी येते, त्यामुळे नवख्याला अंदाज बांधणे सोपे जाते. ऋषिकेशला जुलै-ऑगस्ट सोडून मोसमात आठवडाभराचे कयाकचे वर्ग मिळतात, ते करावेत. केरळात कोळिकोडजवळ चालीपुळा आणि इरुवंजीपुळा या नद्यांवर पावसाळ्यात कयाकच्या स्पर्धा होतात. त्या पाहायला जरूर जा, पण पहिल्या वर्षी काठावरूनच. पाण्यात पडलेल्याकडे फेकायची, दोर असलेली फेकपिशवी मात्र आजच घ्या आणि घरामागच्या शेतात रोज वीस वेळा फेका. पंधरा मीटरवर उभ्या केलेल्या बादलीच्या पलीकडे दोर पडला पाहिजे. हे कौशल्य शिकायला नदी लागत नाही आणि सगळ्यांत जास्त उपयोगी तेच पडते.

अस्थिवैद्य (मिरज)

मेणवलीकर यांच्या लिखाणात एक भर. कयाक चालवणाऱ्यांचा खांदा निखळण्याचे प्रकार पुष्कळ होतात, आणि ते बहुधा लाटेवर तोल सावरताना वल्हे डोक्याच्या वर आणि मागे नेल्यामुळे होतात. कोपर नेहमी खांद्याखाली आणि शरीरासमोर राहिले पाहिजे. पूर्वी एकदा खांदा निखळलेला असेल, तर दुर्गम नदीवर जाण्यापूर्वी तपासून घ्या. घळीत तिसऱ्या दिवशी निखळलेला खांदा घेऊन उरलेले अंतर कसे जाणार, याचा विचार आधी करावा लागतो.

थंड पाण्याबाबत एक, दहा, एक असा ढोबळ आडाखा आहे. पहिले एक मिनिट धाप लागते, त्या वेळी पोहण्याची घाई न करता फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवावे. पुढची सुमारे दहा मिनिटे हातापायांना उपयोगी हालचाल करता येते. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या फार आधी त्याची बोटे दोर धरण्याच्या कामाची राहत नाहीत. आपल्यासारख्या कृष्णेत पोहणाऱ्यांना हे खरे वाटत नाही, कारण आपण असे पाणी कधी अनुभवलेलेच नसते. उथळ प्रवाहात उभे राहण्याचा मोह टाळा. पाय दगडांत अडकला तर पाणीच माणसाला पुढे वाकवून खाली दाबते. पाठीवर झोपून, पाय पुढे आणि वर ठेवून वाहत जावे आणि तिरके होऊन काठ गाठावा.

लेहला विमानाने उतरल्यास निदान दोन दिवस काहीही करू नका. आणि मोहिमेत सर्वाधिक लोकांना जे सतावते ते खळाळ नसून अतिसार होय. हात धुण्याचे पाणी वेगळे ठेवा.

प्रीतिसंगम (कराड)

आमचे असे ठरले आहे, की पुढच्या ऑगस्टचे झंस्कर रद्द करून त्याऐवजी नोव्हेंबरमध्ये सुनकोशी, तीही राफ्टमधून. कयाक तोवर तलावातच. फेकपिशवी मागवली आहे आणि बादलीही निश्चित झाली आहे. हे सर्व मी काल जेवताना मोठ्याने वाचून दाखवले. बंधू या वेळी उठून गेले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, तो वारणाकाठ यांच्यासाठी आहे: बंधाऱ्याखालचे पाणी मागे फिरते, हे काठावरून डोळ्यांनी पाहता येते का? त्यांनी त्या वेळी ते पाणी रात्री पाहिले होते.

वारणाकाठ (सांगली)

येते. मोठा पूर असताना जाऊ नका, तेव्हा बंधारा बुडालेला असतो आणि काही समजत नाही. माथ्यावरून हात-दीड हात पाणी पडत असेल अशा दिवशी खोडशीला जा, काठावर सुरक्षित अंतरावर थांबा आणि बंधाऱ्याच्या वरच्या बाजूने न सोललेला एक नारळ पाण्यात टाका. तो खाली पडून पुढे निघून जाईल असे वाटेल, पण तो भिंतीकडे परत येईल, बुडेल, वर येईल आणि पुन्हा परत येईल. किती वेळ तिथेच फिरतो ते घड्याळ लावून मोजा. बंधूंना दिवसाउजेडी सोबत न्या.